स्टोरेज ड्रायव्हरमधील डेटा करप्शन : एरर ओळखणे, वर कळवणे आणि नोंदवणे

ड्रायव्हर लिहायला शिकणारा माणूस सुरुवातीचे काही आठवडे रीड आणि राइट चालते करण्यात घालवतो. ती दोन्ही सुरळीत चालू लागली, की काम संपले असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तेव्हा अर्धेच काम झालेले असते. डिस्क निरोगी असताना कोणताही ड्रायव्हर चांगलाच दिसतो; डिस्क, केबल किंवा मेमरी दगा देऊ लागते तेव्हा तो काय करतो, यावर वापरणाऱ्याचा डेटा वाचणार की जाणार हे ठरते. हा लेख लिनक्स कर्नलमध्ये ब्लॉक ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा कोड, लिहिणाऱ्या किंवा सांभाळू लागलेल्या नवोदितांसाठी आहे. उदाहरणे एनव्हीएमई आणि एससीएसआय या, डिस्कशी बोलण्याच्या पद्धतींच्या दोन घराण्यांतील आहेत.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. बिघडलेला डेटा दुरुस्त करणे हे ड्रायव्हरचे काम नाही. दुसरी प्रत कुठे आहे हे त्याला ठाऊकच नसते. ते रेडला (एकाच डेटाच्या प्रती अनेक डिस्कवर सांभाळणाऱ्या थराला), फाइल सिस्टिमला किंवा डेटाबेसला ठाऊक असते. त्यामुळे नेमके काय बिघडले, कुठे आणि किती, हे खोटे न बोलता वरच्या थरापर्यंत पोहोचवणे आणि मागे उपयोगी पडेल अशी नोंद ठेवणे, एवढीच ड्रायव्हरची जबाबदारी उरते. ही जबाबदारी वाटते तितकी सोपी नाही.

पहिली पायरी : बिघाड कोणत्या जातीचा आहे ते ओळखणे

बिघाडाच्या दोन मुख्य जाती आहेत. पहिल्या जातीत डिस्क स्वतःच सांगते की हा सेक्टर मला वाचता आला नाही. एससीएसआयमध्ये अशा वेळी सेन्स की (एररचा गट सांगणारा आकडा) ३, म्हणजे मीडियम एरर, येते. एनव्हीएमईमध्ये स्टेटस कोड टाइप २, म्हणजे मीडिया आणि डेटा इंटिग्रिटी या गटातील कोड येतो. त्यातला हेक्साडेसिमल (१६ च्या पायाचा) ८१ हा वाचता न आलेल्या ब्लॉकचा आणि ८० हा राइट फॉल्टचा. ही जात सरळ आहे, कारण कोणीतरी कबुली दिलेली असते.

दुसरी जात मुकी असते. डिस्क काम यशस्वी झाल्याचे कळवते, पण हाती आलेला डेटा चुकीचा असतो. कधी एखादे राइट पोहोचलेलेच नसते आणि जुना मजकूर तसाच राहतो. कधी ते दुसऱ्याच पत्त्यावर जाऊन बसते. कधी वीज गेल्यामुळे अर्धेच लिहिले जाते. कधी वाटेत एखादा बिट उलटतो. हे क्वचितच घडत असेल असे मानून सोडून देऊ नये. २००८ साली फास्ट या स्टोरेजविषयक परिषदेत मांडलेल्या एका अभ्यासात १५.३ लाख डिस्क ४१ महिने पाहण्यात आल्या, आणि त्यांत चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) न जुळण्याच्या ४ लाखांहून अधिक घटना सापडल्या.

मुकी जात ड्रायव्हरला एकट्याने पकडता येत नाही. त्यासाठी डेटाबरोबर प्रवास करणारा पुरावा लागतो. एससीएसआयच्या टी१० मानकात प्रत्येक ब्लॉकमागे ८ बाइट जोडण्याची सोय आहे : २ बाइटांचा सीआरसी (एक प्रकारचा चेकसम) म्हणजे गार्ड टॅग, २ बाइटांचा ॲप्लिकेशन टॅग आणि ४ बाइटांचा रेफरन्स टॅग. या सोयीच्या टाइप १ या प्रकारात रेफरन्स टॅगमध्ये ब्लॉकच्या पत्त्याचे खालचे ३२ बिट असतात, त्यामुळे भलत्याच पत्त्यावर गेलेले राइट पुढच्या वाचनात उघडे पडते. लिनक्सच्या ब्लॉक लेयरमध्ये याचा आधार २००८ च्या २.६.२७ आवृत्तीपासून आहे. आपल्या हार्डवेअरला हे जमत असेल तर ते ड्रायव्हरमध्ये जरूर चालू करावे. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवावी : जागच्या जागी हरवलेले राइट यातून सुटते, कारण जुना मजकूर आणि त्याचा जुना टॅग एकमेकांशी अगदी व्यवस्थित जुळतात.

दुसरी पायरी : वर पाठवायचे स्टेटस अचूक निवडणे

नवोदितांच्या हातून सर्वांत जास्त नुकसान होते ते या पायरीवर. हार्डवेअरने दिलेल्या डझनभर कोडांचे पुढे काय करायचे हे न सुचल्यामुळे सगळे कोड एकाच सर्वसाधारण आय-ओ एररमध्ये कोंबले जातात. संकलन होते, प्रोग्रॅमला एरर मिळते, आणि सगळे ठीक आहे असे वाटते.

आता याचा परिणाम जवळून पाहू. समजा एका स्टोरेजकडे जाणाऱ्या चार वाटा आहेत आणि वर मल्टिपाथ, म्हणजे या वाटांतून निवड करणारा थर, चालू आहे. एका सेक्टरवर मीडियम एरर आली. ड्रायव्हरने ती मीडियम म्हणून कळवली, तर मल्टिपाथला समजते की दोष वाटेचा नसून मालाचा आहे. तो दुसरी वाट न शोधता एरर वर देतो. तीच एरर सर्वसाधारण आय-ओ एरर म्हणून गेली, तर मल्टिपाथ ती वाट बिघडली असे समजून बंद करतो आणि तीच विनंती दुसऱ्या वाटेने पाठवतो. तिथेही तोच सेक्टर, तीच एरर, दुसरी वाटही बंद. असे करत चारही निरोगी वाटा बंद पडू शकतात आणि एका खराब सेक्टरपायी संपूर्ण डिस्क दिसेनाशी होते.

म्हणून तक्ता करून ठेवावा. ४.१३ आवृत्तीपासून ब्लॉक लेयरला स्वतःचा स्टेटस प्रकार आहे आणि त्यात मीडियम, प्रोटेक्शन, ट्रान्सपोर्ट, टार्गेट, टाइमआउट, रिसोर्स अशी वेगवेगळी मूल्ये आहेत. वाचता न आलेला ब्लॉक किंवा राइट फॉल्ट असेल तर मीडियम द्यावे. गार्ड, ॲप्लिकेशन किंवा रेफरन्स टॅग जुळला नाही, म्हणजे एनव्हीएमईचे ८२, ८३ आणि ८४ हे कोड आले, तर प्रोटेक्शन द्यावे. दुवा तुटला असेल तर ट्रान्सपोर्ट. जो कोड तक्त्यात नाही त्याला मात्र सर्वसाधारण एररच द्यावी आणि मूळ कोड लॉगमध्ये लिहावा; अंदाजाने जवळचा वाटणारा कोड देऊ नये. एनव्हीएमई ड्रायव्हरमधील असे रूपांतर करणारे छोटे फंक्शन एकदा उघडून वाचावे, त्याहून चांगला नमुना शोधण्याची गरज नाही.

तिसरी पायरी : किती बाइट खरे, याचा हिशेब

एका विनंतीत १६ सेक्टर मागितले आणि पाचवा खराब निघाला, तर पहिले चार चांगले आहेत. डिस्क बहुधा खराब ब्लॉकचा पत्ता सांगते. एससीएसआयच्या सेन्स डेटात तो इन्फर्मेशन फील्डमध्ये असतो. पण त्या फील्डवर विश्वास ठेवण्याआधी व्हॅलिड बिट लागलेला आहे का, आणि सांगितलेला पत्ता आपण मागितलेल्या कक्षेत येतो का, हे दोन्ही तपासावे. दोन्ही जुळले तरच आधीचे बाइट यशस्वी म्हणून पूर्ण करावेत आणि उरलेल्यांना एरर द्यावी. खात्री नसेल तर संपूर्ण विनंती नापास करावी.

एक गोष्ट कधीही करू नये : खराब सेक्टरच्या जागी शून्ये भरून यश कळवणे. उपकरण अडू नये या सद्भावनेने लिहिलेला असा कोड मी पाहिला आहे. फाइल सिस्टिम ती शून्ये खरी मानते आणि पुढे आपल्याच हाताने ती परत लिहून टाकते. रेडच्या दुसऱ्या डिस्कवर चांगली प्रत असूनही तिच्याकडे कोणी वळत नाही, कारण एरर कळलेलीच नसते. लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड १ वाचनात एरर मिळाल्यावर दुसऱ्या डिस्कवरून तो भाग वाचतो आणि खराब जागेवर परत लिहितो. शून्यांचा उपकार त्याची ही सगळी यंत्रणा निकामी करतो.

फ्लशचेही, म्हणजे डिस्कच्या तात्पुरत्या साठ्यातील डेटा कायमचा लिहायला लावण्याचेही, तसेच. राइट यशस्वी झाले पण नंतरचा फ्लश नापास झाला, तर ती एरर गिळू नये. २०१८ साली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींच्या लक्षात आले की एफसिंकने (डेटा डिस्कवर पोहोचवण्याची प्रोग्रॅमची विनंती) एकदा एरर दिल्यानंतर पुन्हा केलेले एफसिंक यशस्वी होऊ शकते, पण मधला डेटा डिस्कवर गेलेलाच नसतो; त्यानंतर त्यांनी अशा एररवर सर्व्हर थांबवून डेटाबेसच्या स्वतःच्या लॉगमधून सावरण्याचे धोरण घेतले. तळाशी ड्रायव्हरनेच ती पहिली एरर दडवली, तर वरच्या कोणत्याही धोरणाला अर्थ उरत नाही.

चौथी पायरी : रिट्राय

थोडक्यात सांगायचे तर रिट्रायला मर्यादा असावी. एससीएसआय डिस्क ड्रायव्हर आणि एनव्हीएमई ड्रायव्हर दोघांचीही मूळ मर्यादा ५ आहे आणि कमांडचा टाइमआउट ३० सेकंदांचा आहे. एनव्हीएमईच्या स्टेटसमध्ये पुन्हा प्रयत्न करू नका असा स्वतंत्र बिट असतो. तो लागलेला असताना रिट्राय करणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे. मीडियम एररवर डिस्कने आत स्वतःच बरेच प्रयत्न केलेले असतात, त्यामुळे तिथेही आशा कमी धरावी. घरगुती वापराच्या काही हार्ड डिस्क एका सेक्टरसाठी ३० सेकंदांहून अधिक झगडतात. तेव्हा मीडियम एररऐवजी टाइमआउट आणि पाठोपाठ रिसेट दिसतो, आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

पाचवी पायरी : आधी स्वतःकडे बघणे

चेकसम जुळला नाही की डिस्कवर खापर फोडण्याची घाई होते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने मात्र पहिला संशय स्वतःच्या बफरवर घ्यावा. बिघडलेल्या भागाचा आकार आणि कडा पाहिल्या की गुन्हेगाराचा बराचसा माग लागतो. नेमका ६४ बाइटांचा आणि ६४ च्या सीमेवर बसणारा तुकडा बिघडलेला असेल तर सीपीयूच्या कॅश लाइनचा (कॅशमधील एका तुकड्याचा), म्हणजे डीएमएच्या (उपकरणाने सीपीयूशिवाय थेट मेमरी वाचण्या-लिहिण्याच्या) गोंधळाचा, संशय घ्यावा. ४०९६ बाइटांचे संपूर्ण पान भलतेच असेल तर पानाचा पत्ता चुकला असावा. ५१२ बाइटांच्या पटीत जुना मजकूर दिसत असेल तर राइट हरवलेले किंवा भरकटलेले असावे. एकच बिट उलटलेला असेल तर मेमरीकडे पाहावे.

यातला ६४ बाइटांचा प्रकार नव्या माणसाला हमखास चकवतो. कॅश आणि डीएमए यांचा मेळ हार्डवेअर राखत नाही अशी काही एआरएम यंत्रे असतात. तिथे ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्येच एक लहान डीएमए बफर ठेवला आणि त्याला चिकटून एखादा काउंटर ठेवला, तर दोघे एकाच कॅश लाइनमध्ये येतात. डिस्क बफरमध्ये डेटा भरत असताना सीपीयू काउंटर वाढवतो, ती लाइन मळते (मेमरीतल्या मजकुराहून वेगळी होते), आणि पुढे ती मेमरीत परत लिहिली जाताना डिस्कने नुकताच भरलेला डेटा जुन्या मजकुराने पुसला जातो. काउंटर बरोबर, डिस्क बरोबर, डेटा चूक. उपाय साधा आहे : डीएमए बफर वेगळा मागावा, स्टॅकवरचा कधीही वापरू नये, आणि अनमॅप किंवा सिंक होऊन बफर सीपीयूच्या ताब्यात आल्याशिवाय सीपीयूने त्यात डोकावू नये. विकासाच्या काळात कर्नलचा डीएमए डीबगचा पर्याय चालूच ठेवावा.

केबललाही विसरू नये. एका जुन्या कामाच्या ठिकाणी आम्ही एकाच खणातील डिस्क दोनदा बदलली होती. तिसऱ्या वेळी कोणीतरी स्मार्टचे (डिस्क स्वतः ठेवते त्या प्रकृतीच्या नोंदीचे) १९९ क्रमांकाचे मूल्य, म्हणजे सीआरसी एररची मोजदाद, पाहिले. ते नव्या डिस्कवरही वाढत होते, तर रीमॅप झालेल्या सेक्टरांचे ५ क्रमांकाचे आणि प्रलंबित सेक्टरांचे १९७ क्रमांकाचे मूल्य शून्यावरच होते. दोष केबलचा होता. ड्रायव्हरने आमच्या लॉगमध्ये दोन्ही प्रकार एकाच शब्दात लिहिल्यामुळे ते आधी कळले नाही.

सहावी पायरी : नोंद

नोंद लिहिताना ती वाचणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवावा. तो बहुधा तुम्ही नसता. पहाटे उठवलेला कोणी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर असतो आणि त्याला एवढेच हवे असते की कोणती डिस्क, कोणती जागा, वाचताना की लिहिताना, आणि हे पहिल्यांदाच घडते आहे का. म्हणून एका एररची एकच ओळ असावी आणि त्या ओळीत उपकरणाचे नाव, क्रिया, सुरुवातीचा सेक्टर, लांबी, हार्डवेअरचा मूळ कोड जसाच्या तसा आणि कितवा प्रयत्न होता ते यावे. मॉडेल, सिरियल क्रमांक आणि फर्मवेअरची आवृत्ती उपकरण सापडते तेव्हाच एकदा लिहावी. ब्लॉक लेयर स्वतःची एक ओळ छापतच असतो. तीच माहिती दुसऱ्या शब्दांत पुन्हा छापू नये, त्याला जे ठाऊक नाही तेवढेच भर घालावे. आणि ज्या विनंतीवर शांत राहण्याचा फ्लॅग लावलेला आहे, तिच्यासाठी काहीच छापू नये.

सेक्टर लिहिताना एकक स्पष्ट असावे. कर्नलमधला सेक्टर नेहमी ५१२ बाइटांचा असतो, डिस्कचा ब्लॉक ४०९६ बाइटांचा असला तरीही. लॉगमध्ये सेक्टर ८१९२० दिसला तर अशा डिस्कच्या दृष्टीने तो ब्लॉक क्रमांक १०२४० आहे. ड्रायव्हर एका ठिकाणी हा आणि दुसऱ्या ठिकाणी तो आकडा छापू लागला, तर वाचणारा आठपट दूरच्या जागी शोध घेत बसतो.

नोंद अचूक असली की तिच्यातून काय निघते ते याच आकड्यावर पाहू. पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होत असेल, तर ८१९२० मधून २०४८ वजा करून ७९८७२ उरतात. फाइल सिस्टिमचा ब्लॉक ४ केबीचा असल्यास त्याला ८ ने भागून ब्लॉक ९९८४ मिळतो. फाइल सिस्टिम ईएक्सटी४ असेल तर डीबगएफएस या प्रोग्रॅमला आयचेक करून हा ब्लॉक कोणत्या आयनोडचा (फाइलच्या अंतर्गत क्रमांकाचा) ते विचारावे आणि एनचेक करून त्या आयनोडचे नाव विचारावे. हाती फाइलचे नाव येते, आणि संपूर्ण डिस्कऐवजी एकच फाइल बॅकअपमधून परत आणता येते. हे सगळे त्या एका ओळीतील एका आकड्यावर अवलंबून असते.

आता प्रमाणाचा प्रश्न. डिस्क मरू लागली की एरर एक-दोन येत नाहीत, लोंढाच येतो. सिरियल कन्सोल १,१५,२०० बॉडवर चालत असेल तर सेकंदाला सुमारे ११,५०० अक्षरे जातात, म्हणजे १०० अक्षरांच्या एका ओळीला जवळजवळ ९ मिलिसेकंद लागतात. अशा हजार ओळी इंटरप्टच्या मार्गावरून छापायला निघालात, तर यंत्र ९ सेकंद दुसरे काही करणार नाही आणि डिस्कच्या दुखण्यात लॉकअपची भर पडेल. म्हणून छपाईला वेसण घालावी लागते. कर्नलच्या तयार रेटलिमिट मॅक्रोची मूळ मर्यादा ५ सेकंदांत १० ओळींची आहे. त्यांत एक खाच आहे : तो हिशेब कोडमधल्या त्या जागेपुरता एकच असतो, उपकरणागणिक वेगळा नसतो. त्यामुळे एकाच ड्रायव्हरवर २४ डिस्क असतील, तर बोंब मारणारी एक डिस्क बाकीच्या २३ डिस्कांचा आवाज दाबून टाकते. रेटलिमिटची अवस्था प्रत्येक उपकरणाच्या स्ट्रक्चरमध्ये स्वतंत्र ठेवली की हा प्रश्न मिटतो.

छपाई रोखली तरी मोजदाद रोखू नये. प्रत्येक प्रकारच्या एररचा वेगळा काउंटर ठेवून तो सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) दाखवावा. एससीएसआय उपकरणांना तिथे आय-ओ एररचा काउंटर आधीपासून आहे. तो हेक्साडेसिमलमध्ये दिसतो हे न कळल्यामुळे १० एरर म्हणजे १६ हे समजायला अनेकांना वेळ लागतो. आपला काउंटर दशमानात द्यावा.

बिघडलेला डेटा लॉगमध्ये ओतू नये. तो कोणाचा तरी पगाराचा तक्ता किंवा वैद्यकीय अहवाल असू शकतो, आणि लॉग कुठे कुठे फिरतात यावर आपला ताबा नसतो. अपेक्षित चेकसम, आलेला चेकसम आणि शक्य असल्यास फरक सुरू होतो ते अंतर, एवढे पुरे. शिवाय लॉग ज्या डिस्कवर लिहिला जातो तीच बिघडली असेल तर नोंद तिच्याबरोबरच जाते, म्हणून नेटकन्सोल (नेटवर्कवरून), सिरियल कन्सोल किंवा पीस्टोर (रीबूटनंतरही टिकणारी साठवण) यांपैकी एक वाट आधीच उघडी ठेवावी.

सातवी पायरी : एरर मुद्दाम घडवून पाहणे

जो एरर मार्ग कधी चालवलाच नाही तो चालत नाही असे धरून चालावे. सुरुवातीला एससीएसआय डीबग हे बनावट डिस्क तयार करणारे मॉड्यूल ऑप्ट्स २ देऊन लोड करावे. ते ४६६० पासूनच्या १० सेक्टरांवर मीडियम एरर देते. डायरेक्ट रीडने ४६५६ पासून १६ सेक्टर मागितले, तर पहिले चार सेक्टर, म्हणजे २०४८ बाइट, चांगले ठरायला हवेत. बरोबर वागणूक कशी दिसते हे यातून कळते. मात्र हे मॉड्यूल खालच्या ड्रायव्हरची जागा स्वतःच घेते, आणि डीएम फ्लेकी किंवा डीएम डस्ट हे मुद्दाम एरर घडवणारे थर तुमच्या ड्रायव्हरच्या वर बसतात. त्यांनी फाइल सिस्टिमची परीक्षा होते, तुमच्या कोडची नाही. ही गफलत मी अनुभवी लोकांकडूनही होताना पाहिली आहे.

स्वतःच्या ड्रायव्हरसाठी एरर खालून यायला हवी. क्यूईएमयू या आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ब्लॉकडीबगने आभासी डिस्कच्या ठरावीक सेक्टरवर एरर देता येते. खऱ्या एनव्हीएमई डिस्कला राइट अनकरेक्टेबल ही ऐच्छिक कमांड जमत असेल तर एखादा ब्लॉक मुद्दाम न वाचता येणारा करता येतो. मुक्या बिघाडासाठी एफआयओ या डिस्कची चाचणी करणाऱ्या प्रोग्रॅमची पडताळणी वापरावी आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये त्याचा पत्ता लिहावा. नुसत्या शून्यांनी किंवा एकाच नमुन्याने भरलेल्या डिस्कवर भरकटलेले राइट सापडत नाही, कारण कुठूनही वाचले तरी सारखेच दिसते.

ही सगळी परीक्षा रिकाम्या डिस्कवरच करावी. शेवटी तो मुद्दाम बिघडवलेला ब्लॉक पुन्हा लिहावा, तो परत वाचावा, लॉगमध्ये नवी ओळ आलेली नाही आणि काउंटर होता तेवढाच राहिला आहे, हे पाहूनच मॉड्यूल उतरवावे.